गालबोट

उमरोळी हें गांव आपणांपैकीं पुष्कळांना आगगाडीच्या खिडकींतूनच ठाऊक असेल. मुंबईहून डहाणूकडे जातांना पालघर मागें पडल्यावर आणि बोईसर येण्यापूर्वीं तें लागतें. लांबच्या जलद गाड्या तेथें थांबत नाहींत. त्या परिसरांतील शाळांत माझ्या नोकरीचीं बहुतेक वर्षें गेलीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. त्वचारोगांचा तज्ज्ञ नव्हे, कीं मानसशास्त्राचा पंडितही नव्हे. चौथीच्या मुलांना शिवकालाचा इतिहास सांगणें हा माझा व्यवसाय. अशा माणसानें चेहऱ्यावरच्या तिळांसंबंधीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. त्याचें कारण एका चुकींत आहे, आणि ती चूक माझीच असल्यामुळें प्रथम तीच सांगतों.

सन २००४ मधली संक्रांत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं वर्गांत तिळगूळ वाटण्याची आमची रीत होती. माझ्या वर्गांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या तोंडावर लहानमोठे दहाबारा तीळ होते. त्यांतला एक, डाव्या गालावरचा, चांगला मसुरीएवढा आणि किंचित् उंच. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामाला, घर साधें, मुलगी चुणचुणीत. ती तिळगुळाचा डबा घेऊन दारांत आली, आणि मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "तिळाचा लाडू आला!" वर्ग हंसला. आणि, श्रोतेहो, मीही हंसलों. मनांत वाईट हेतु नव्हता. विनोद प्रसंगाला चपखल बसला होता, एवढेंच. परंतु मास्तर हंसले म्हणजे मुलांना परवाना मिळाल्यासारखें होतें. त्या दिवसापासून तेंच तिचें नांव पडलें.

महिना दीड महिन्यानें तिची आई शाळेंत आली. म्हणाली, "गुरुजी, पोर सारखा डावा हात गालावर ठेवूनच बसते. जेवतांनासुद्धां काढीत नाहीं. घरांतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवते." मग तिनें आणखी एक सांगितलें. मुलीच्या आजीनें नातीवरच्या मायेपोटीं चुना आणि धुण्याचा सोडा कालवून त्या मोठ्या तिळाला लावला होता. तीळ होता तेथेंच राहिला. शेजारची कातडी मात्र भाजून निघाली. मला त्या वेळीं आठवलें कीं लिहितांना या मुलीची वही सारखी सरकते, अक्षर वांकडें येतें, म्हणून मी तिला दोनदां रागें भरलों होतों. एका हातानें गाल झांकल्यावर वही धरायला दुसरा हात उरतो कोठून, हें माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें.

मीं तिला जवळ बोलाविलें आणि थोर माणसें अशा वेळीं जें सांगतात तेंच सांगितलें. "अग, गालावर तीळ असणें हें भाग्याचें लक्षण!" ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, माझ्या बाबांच्या तोंडावर एकही तीळ नाहीं. मग बाबा अभागी का?" मला उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावरही सुचेना. इतिहासाच्या मास्तराला उत्तर सुचलें नाहीं म्हणजे तो जुन्या गोष्टी चाळूं लागतो. त्या चाळण्यांतून जें हातीं आलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

भाग्याची ती कल्पना फार जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत अंगावर उठणाऱ्या पिटकांचीं शुभाशुभ फळें सांगणारा एक स्वतंत्र अध्यायच आहे. कोठें उठलें म्हणजे काय मिळेल आणि काय जाईल, असा सारा हिशेब. आपल्याकडचें सामुद्रिक पुरुषाच्या उजव्या अंगाचा तीळ चांगला मानतें, तर स्त्रीच्या डाव्या अंगाचा. हें वेड केवळ आपलेंच असें मात्र समजूं नये. प्राचीन ग्रीक भाषेंत मेलाम्पस याच्या नांवावर मोडणारी, अंगावरील तिळांवरून भविष्य सांगणारी एक लहानशी पोथी आहे. एकमेकांपासून इतकीं दूर असलेलीं माणसें त्याच काळ्या ठिपक्याकडे पाहून भविष्य वाचीत बसलीं होतीं!

परंतु आपल्या वैद्यांनीं निराळी वाट धरली होती. सुश्रुतसंहितेंत 'क्षुद्ररोग' नांवाचें प्रकरण आहे. क्षुद्र म्हणजे येथें किरकोळ. तेथें त्वचेवरच्या डागांचे प्रकार नीट वेगळे केले आहेत. तिळासारखा काळा, न दुखणारा आणि कातडीच्या पातळींतच असणारा तो तिलकालक; उडदाच्या दाण्यासारखा उंच, पण तोही न दुखणारा तो मषक; जन्मापासून असलेला तो जतुमणि; शिवाय न्यच्छ आणि व्यंग. या शेवटच्या शब्दावरूनच आपण गालावरच्या काळसर छटेला 'वांग' म्हणतों, आणि मषकाचा 'मस' आजही घरोघर बोलण्यांत आहे. मला यांत मोठी मौज वाटली ती ही, कीं त्या वैद्यानें तिळाचें भाग्यही सांगितलें नाहीं आणि दुर्भाग्यही सांगितलें नाहीं. रंग कसा, उंची किती, दुखतें कीं नाहीं, एवढेंच पाहिलें. काढावयाचाच झाला तर कापून क्षारानें वा अग्नीनें जाळावा असेंही तेथें आहे. परंतु तें शस्त्र चालविणाऱ्या वैद्याच्या हातचें काम, आणि तेंही हळुहळू व बेतानें. आजीचा चुना आणि सोडा हा त्याच क्षाराचा गांवठी अवशेष असावा. वैद्याचें कौशल्य मध्यें कोठें तरी गळून पडलें आणि जाळणें तेवढें उरलें.

आतां शब्दांचा इतिहास पाहूं. कारण मुलाला टोंचतो तो तीळ नव्हे, टोंचतो तो शब्द. 'लांछन' हा शब्द घ्या. संस्कृतांत लांछन म्हणजे खूण, चिन्ह. चंद्रावरचा डाग तें त्याचें लांछन. जैन तीर्थंकरांच्या मूर्तीखालीं बैल, हत्ती, सिंह अशीं जीं चिन्हें असतात त्यांनाही लांछनच म्हणतात. कोणती मूर्ति कोणाची हें त्यावरून ओळखावयाचें. विष्णूच्या छातीवर श्रीवत्साचें लांछन आहे, आणि तेवढ्यासाठीं कोणीं देवाला नांव ठेविल्याचें मीं कीर्तनांत ऐकलेलें नाहीं. असा हा ओळख पटविणारा शब्द मराठींत येऊन कुळाला काळिमा लावणारा झाला.

त्याहून चमत्कारिक कथा 'गालबोट' या आपल्या घरगुती शब्दाची. बाळाला न्हाऊंमाखूं घालून झालें म्हणजे आई बोटाला काजळ घेते आणि बाळाच्या गालावर एक काळा ठिपका उमटविते. तें गालबोट, किंवा तीट. मूल इतकें देखणें दिसतें कीं कोणाची दृष्ट लागेल. म्हणून त्या देखणेपणाचें रक्षण करण्यासाठीं हा ठिपका. अर्थात् गालबोट हा मूल सुंदर असल्याचा पुरावा होता. आतां वर्तमानपत्र उघडा: "समारंभाला गालबोट लागलें", "सामन्याला गालबोट". ज्या ठिपक्यानें रक्षण करावयाचें तोच ठिपका आज दोष झाला. आई आजही तान्ह्या बाळाला तीट लावते, आणि तेंच बाळ नऊ वर्षांचें होऊन गालावर देवानें लावलेला ठिपका घेऊन शाळेंत आलें कीं आम्ही हंसतों.

काजळाचें गालबोट पुसतें. आमच्या आज्यांनीं न पुसणारें गालबोटही करून घेतलें होतें. गोंदणारीण गांवांत आली कीं मुलीबाळी ओट्यावर जमत. काजळी आणि झाडपाल्याचा रस, दोनतीन सुया एकत्र बांधलेल्या, आणि वर गाणें. कारण गाण्याच्या नादांत पोरीचें रडणें बुडून जाई. कपाळावर, हनुवटीवर, गालावर एकेक ठिपका. हातावर तुळस, विंचू, कोणाच्या मनगटावर भावाचें नांव. दागिने चोर नेतील, मेल्यावर इतर लोक उतरवून घेतील, पण गोंदण तेवढें बरोबर येईल, अशी त्या बायकांची श्रद्धा होती. आमच्या पालघरकडे वारल्यांत, कुणब्यांत, कोळणींत हे हिरवे ठिपके मीं लहानपणीं सर्रास पाहिले. माझ्या आजीच्या हनुवटीवर एक आणि डाव्या गालावर एक होता. निसर्गानें न दिलेला तीळ या बायका रक्त काढून, वेदना सोसून, गोंदणारणीला धान्य मोजून विकत घेत होत्या! माझी विद्यार्थिनी जो फुकट मिळालेला ठिपका हाताखालीं झांकून ठेवीत होती, तो तिच्या पणजीनें कदाचित् सूपभर भात देऊन करून घेतला असता.

माझ्या आजीच्या तोंडावर गोंदणाखेरीज आणखीही कांहीं होतें. तें मला ती गेल्यानंतर, तिच्या एकुलत्या एक फोटोवरून कळलें. तिच्या गालांवर देवीचे खोल वण होते. मी तिच्या मांडीवर वाढलों, तिचें तोंड रोज पाहिलें, आणि तरीही ते वण मला कधीं दिसले नव्हते. याचें कारण तिच्या वयाच्या निम्म्या बायकांच्या तोंडावर तसेच वण होते. उमरोळीहून फार लांब नाहीं, केळव्याच्या समुद्रकांठीं शीतलादेवीचें मंदिर आहे. देवीचा कोप झाला म्हणजे घरांत फोडणी पडत नसे, दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, आणि मूल वांचलें तर त्याचे वण हें देवीनें जातां जातां ठेविलेलें चिन्ह मानीत. वण असलेलें मूल म्हणजे मरणाच्या दारांतून परत आलेलें मूल. त्याला कोण हंसणार?

हा रोग हटविण्याच्या लढाईंत आपल्या मुंबईला एक मान आहे, आणि तो एका तीन वर्षांच्या मुलीचा आहे. जेन्नरनें गाईच्या देवीची लस १७९६ मध्यें शोधून काढली. ती हिंदुस्थानांत आणावयाची कशी? वाटेंत ती उष्म्यानें वाळून निरुपयोगी होई. अखेर व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करीत, एकाच्या दंडावरच्या फोडांतून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती पोंचविण्यांत आली, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोंचली गेली. हिंदुस्थानांत यशस्वीपणें लस टोंचलेलें तें पहिलें माणूस. तिच्या त्या इवल्याशा दंडावरूनच ती पुढें इतरांकडे आणि इतर शहरांकडे गेली. तिच्या दंडावरचा तो वण किती जणांचा चेहरा आणि प्राण राखून गेला, याची गणती कोण करणार? पुढें गांवोगांव 'देवी काढणारा' डॉक्टर फिरूं लागला. माझ्या दंडावर त्याची खूण अजून आहे. माझ्या वर्गांतल्या पोरांना ती ठाऊक नव्हती, "गुरुजी, हें काय भाजलें?" म्हणून विचारीत. हिंदुस्थानांतील देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्यें आढळला, आणि ८ मे १९८० रोजीं जगांतून हा रोग नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें.

माणसाच्या इतिहासांत याहून मोठा विजय क्वचितच सांपडेल. परंतु माझ्या मतें त्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. देवी गेल्या, गोंदण मागासलेलें ठरून बंद पडलें, आणि एका पिढींत आपल्याकडचे चेहरे कोऱ्या पाटीसारखे स्वच्छ झाले. निम्मा गांव जेथें वणांचा, तेथें चार तिळांकडे कोण पाहणार? कोऱ्या पाटीवर मात्र एक टिंबही उठून दिसतें. त्यांत आरशाची भर. माझ्या आईचा आरसा फणेरपेटींत असे, तळहाताएवढा. कुंकू लावण्यापुरता उघडावयाचा आणि मिटावयाचा. आज घरांत, दुकानांत, गाडींत, आणि आतां तर हातांतल्या फोनमध्यें आपलेंच तोंड आपल्यापुढें येऊन उभें राहतें. मुलें अधिक नाजूक झालीं, अशी तक्रार माझे समवयस्क करतात. मला ती पटत नाहीं. आमच्यावर जो प्रसंग आलाच नाहीं, त्यांत आम्ही शूर ठरलों, हें म्हणणें सोपें आहे.

वण आणि ठिपका यांचें हें नातें विलायतेंतही होतें. सतराव्या आणि अठराव्या शतकांत तिकडच्या उमराव बायका काळ्या रेशमाचे किंवा मखमलीचे ठिपके कापून तोंडावर चिकटवीत. कोणी देवीचा वण झांकण्यासाठीं लावी, कोणी गोरेपणा खुलविण्यासाठीं. सन १६५० मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटांत तोंड रंगविणें व काळे ठिपके लावणें यांविरुद्ध एक विधेयक वाचलें गेलें; तें पुढें सरकलें नाहीं, आणि ठिपके तसेच राहिले. सन १७११ मध्यें अ‍ॅडिसन या निबंधकारानें 'स्पेक्टेटर' पत्रांत लिहिलें आहे कीं नाटकगृहांत एका राजकीय पक्षाच्या बायका कपाळाच्या उजव्या बाजूस ठिपके लावून बसतात आणि दुसऱ्या पक्षाच्या डाव्या बाजूस. बिचाऱ्या एका बाईचा खराखुरा तीळच विरुद्ध पक्षाच्या बाजूला होता, अशीही थट्टा त्यानें केली आहे. निवडणुकीच्या दिवसांत ही गोष्ट सांगितली कीं मोठीं माणसेंही हंसतात.

क्रॉमवेलची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: आपल्या तोंडावरचे मस गाळूं नका, जसा आहे तसा रंगवा, असें त्यानें चित्रकार लेली यास बजाविलें. ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर सुमारें शंभर वर्षांनीं लिहिली गेली, तेव्हां तिच्यावर फार भार टाकूं नये. पण त्याच्या चित्रांत मस आहेत हें खरें. मुलांना ती फारशी भिडत नाहीं, असा माझा अनुभव आहे. सेनापतीला कोण हंसणार, असें त्यांना वाटतें.

भिडली ती लिंकनची. अब्राहाम लिंकनच्या उजव्या गालावर, तोंडाच्या कोपऱ्याजवळ, ठळक मस होता. गाल बसलेले, हाडें वर आलेलीं, अंग ताडासारखें उंच. सन १८६० मध्यें तो अध्यक्षपदासाठीं उभा राहिला तेव्हां विरोधकांनीं त्याच्या रूपाची यथेच्छ टवाळी केली. त्या १५ ऑक्टोबरला न्यूयॉर्क संस्थानांतील वेस्टफील्ड गांवच्या ग्रेस बेडेल नांवाच्या अकरा वर्षांच्या मुलीनें त्याला पत्र पाठविलें. तुमचें तोंड फार बारीक दिसतें, दाढी राखलीत तर पुष्कळ बरें दिसेल, असा त्याचा मथितार्थ. लिंकननें चार दिवसांत स्वतः उत्तर लिहिलें. आजवर दाढी ठेविली नाहीं, आतां एकाएकीं ठेविली तर लोक त्याला ढोंग म्हणणार नाहींत का, असें त्यानें त्या मुलीलाच उलट विचारलें. पुढें निवडून आल्यावर राजधानीकडे जातांना १६ फेब्रुवारी १८६१ रोजीं वेस्टफील्डला त्याची गाडी थांबली. त्यानें गर्दींतून ग्रेसला बोलावून घेतलें आणि आपली नवी दाढी तिला दाखविली.

ही गोष्ट मीं वर्गांत सांगितली, लिंकनचा फोटो फिरविला आणि गप्प बसलों. तात्पर्य सांगितलें नाहीं. फोटो त्या मुलीच्या हातीं गेला. तिनें तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "गुरुजी, दाढी ठेवली तरी तो मस दिसतोच." खरें होतें. लिंकन ओंठांवरची मिशी काढीत असे, त्यामुळें दाढीच्या वर तो मस तसाच उघडा राहिला. बसलेले गाल त्यानें मुलीच्या शब्दाखातर झांकले. मसाचा मात्र कोणीं उल्लेख केला नाहीं आणि त्यानेंही झांकला नाहीं. हें माझ्या आधीं तिनें पाहिलें.

या गोष्टी सांगण्यापूर्वीं मीं दोन कामें केलीं होतीं, तीं येथें सांगणें अवश्य आहे. पहिलें म्हणजे वर्गापुढें उभा राहून सांगितलें कीं त्या दिवशीं मी हंसलों तें चुकलें, आणि तें नांव यापुढें या वर्गांत चालणार नाहीं. मुलें चकित झालीं. मास्तर चुकतात हें त्यांना ठाऊक असतें, पण कबूल करतात हें नवें होतें. मुलीचें नांव मीं घेतलें नाहीं, तिच्याकडे पाहिलेंही नाहीं. ज्याला सर्वांच्या नजरेपासून दूर व्हावयाचें आहे त्याच्यावर सहानुभूतीच्या का होईना, चाळीस नजरा वळविणें हा दुसरा अपराध झाला असता.

दुसरें काम, तिच्या आईला डॉक्टरांकडे जावयास सांगितलें. डॉक्टरांनीं जें समजाविलें तें आपल्या घरींही उपयोगी पडेल. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी सर्वत्र सारख्या पसरण्याऐवजीं एके जागीं गोळा झाल्या कीं तीळ होतो. जन्मतः तीळ असलेलीं मुलें शंभरांत सुमारें एक. बाकीचे तीळ बाळपणापासून तारुण्यापर्यंत हळुहळू उठत जातात, आणि प्रौढ माणसाच्या अंगावर दहा ते चाळीस तीळ असणें हें अगदीं सामान्य आहे. वयांत येतांना ते थोडे मोठे वा गडद होतात, त्यानें घाबरूं नये. मात्र एखादा तीळ इतरांपेक्षां निराळा दिसूं लागला, भरभर वाढला, त्याची कड फाटल्यासारखी झाली, एकाच तिळांत दोनतीन रंग आले, खाज सुटली किंवा रक्त आलें, तर विलंब न करितां दाखवावा. जन्मतः मोठा असलेला डागही दाखवावा. चुना, सोडा, पापडखार, तेजाब, घोड्याच्या शेपटीचा केस, यांतलें कांहींही मुलाच्या तोंडाजवळ नेऊं नये. तीळ जातो कीं नाहीं हें नंतरचें, व्रण मात्र हमखास राहतो. काढावासाच वाटला तर डॉक्टर तो बधिर करून काढतात. पण ती घाई आईबापांची नसावी. मूल जाणतें झाल्यावर त्याच्या स्वतःच्या इच्छेनें व्हावें, असें त्यांचें मत पडलें. मला तें फार पटलें. आजीला वाईट वाटूं नये म्हणून डॉक्टरांनीं तिलाही आंत बोलावून सारें समजावून दिलें, ही त्यांची मोठीच समज.

मग मीं इतिहासाचा एक गृहपाठ दिला, जो कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहीं. प्रत्येकानें आपल्या आजीच्या किंवा पणजीच्या अंगावर गोंदण, वण, व्रण, तीळ काय आहे तें विचारून यावें आणि त्याची गोष्ट आणावी. आठ दिवस वर्गांत नुसत्या खुणांचीच चर्चा चालली. कोणाच्या आजीच्या पायावर मुर्ब्याच्या खाडींतल्या कालवाची खूण, कोणाच्या आजोबांच्या हातावर ताडावरून घसरल्याचा व्रण, कोणाच्या पणजीच्या कपाळावर तीन हिरवे ठिपके. ज्याच्या घरीं खूण सांपडली नाहीं त्याला आपण मागें पडल्यासारखें वाटूं लागलें! मागच्या बाकावरचा तो मुलगा आपल्या आजीच्या गालावरच्या गोंदणाचें चित्र काढून घेऊन आला. ठिपका डाव्याच गालावर होता. तो कांहीं बोलला नाहीं. मीही बोललों नाहीं.

ती मुलगी त्यानें एका दिवसांत बदलली, असें सांगितलें तर तें खोटें होईल. हात पुष्कळ दिवस गालावर जातच राहिला. नवीन माणूस वर्गांत आलें कीं हमखास. पण नकाशा काढतांना दोन्ही हात लागतात, हें मीं हेरून ठेवलें होतें, आणि त्या वर्षीं माझ्या वर्गानें इतके नकाशे काढले कीं मुख्याध्यापकांनीं कागदाच्या खर्चाबद्दल विचारणा केली.

वर्ष संपतांना चौथीच्या मुलांचे फोटो काढविले. फोटोवाल्यानें हौसेनें संगणकावर सगळ्यांचीं तोंडें स्वच्छ करून दिलीं. नव्यानेंच ती विद्या त्याला आली होती. फोटो वांटतांना ती मुलगी आपला घेऊन माझ्या टेबलाशीं आली. तिच्या गालांवर एकही तीळ नव्हता. मला वाटलें, खूष झाली असेल. तिनें फोटो टेबलावर ठेविला आणि म्हणाली, "गुरुजी, हा माझा नाहीं. माझा द्या." मीं फोटोवाल्याकडे दुसरी प्रत काढविली. तिला आठ दिवस लागले, आणि त्याचे वीस रुपये त्यानें वेगळे घेतले.